काठीच्या आधारानं, उभ्यानं

जानेवारीत मामांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात रायफल खांद्याला लावून उभी होते. रायफल रिकामी होती, आत फक्त सरावाचं पोकळ काडतूस. डाव्या हातात हेझलच्या लाकडाची उंच काठी, आणि समोर फ्रिजच्या दारावर चिकटवलेली एक काळी टिकली. रोज संध्याकाळी वीस वेळा मी अशी उभी राहते, त्या टिकलीवर नेम धरते आणि घोडा दाबते.

मामांचं शेत मध्य प्रदेशात, इंदूरजवळ देपालपूरकडे आहे. यंदा हरभऱ्याचे कोवळे शेंडे रोजड्यांनी, म्हणजे नीलगायींनी, ओळीच्या ओळी खुडून नेले. २०२५च्या ऑक्टोबरात शाजापूरला दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ आले, हेलिकॉप्टरनं काळविटांचे आणि रोजड्यांचे कळप हाकलून जाळ्यांच्या वाटेनं गाड्यांत चढवले आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडले, ते मामांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "आमच्याकडे हेलिकॉप्टर कधी येणार?" ते म्हणाले. मग आवाज बदलला. "तू तिकडे परवाना काढून हरणं मारतेस. मी इथे माझ्याच शेतात रात्री दोन-दोनदा उठून डबे वाजवतो. आणि ग्रुपवर तुझी मावशी मलाच दया शिकवते."

मावशी इंदूरला रामबागेत राहते. कुटुंबाच्या ग्रुपवर तिनं लिहिलं होतं, जीव तो जीव, आज रोजडा, उद्या काळवीट, परवा आणखी कुणी. मी दोघांनाही तिथे उत्तर दिलं नाही, कारण चार ओळींत ते मावणारं नव्हतं. इथे देते आहे.

मी अकरा वर्षं जर्मनीतल्या बव्हेरियात आहे, आउग्सबुर्गपासून तासाभरावरच्या एका गावात. शिकारीकडे मी वळले ते शेजारच्या शेतकरीणबाईंमुळे. मे-जूनमध्ये गवत कापायच्या आधी पहाटे त्या ड्रोन उडवून गवतात लपलेली पाडसं शोधतात. इथलं रे नावाचं हरिण लहानखुरं, वीसेक किलोचं. पाडसू धोका आला की पळत नाही, जमिनीला चिकटून राहतं आणि यंत्राखाली येतं. आपल्या हाताचा वास त्याला लागू नये म्हणून मूठभर गवतात धरून आम्ही ती उचलायचो आणि बांधावर ठेवायचो. त्याच बाई शरद ऋतूत बंदूक घेऊन मचाणावर बसतात, हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. वर्षभरानं मी स्वतः परीक्षेला बसले.

त्या परीक्षेला इथे लोक हिरवी आबितूर म्हणतात. आबितूर म्हणजे यांची बारावी. प्राण्यांचं शास्त्र, कायदा, कुत्र्यांचं काम, मांसाची स्वच्छता, शस्त्रांची हाताळणी आणि मग प्रत्यक्ष नेमबाजी. माझी खरी परीक्षा शंभर मीटरवरच्या कागदी हरणापुढे झाली. त्यावर उभ्यानं, काठीला टेकून गोळ्या मारायला आम्हाला शिकवत.

झोपून मारणं सोपं आहे, जमीन तुम्हाला धरते. पण गव्हात किंवा मक्यात झोपलात तर समोर फक्त धाटं दिसतात, म्हणून शिकाऱ्याला उभं राहावंच लागतं. आणि उभं राहिलं की शरीर हलतं. श्वास हलवतो, नाडी हलवते, पोटऱ्या थरथरतात. दुर्बिणीतला काटा हरणाच्या अंगावरून आठचा आकडा काढत फिरत राहतो. एका काठीनं वरखाली हलणं थांबतं, डावं-उजवं झुलणं उरतंच. दोन पायांच्या काठीनं ते कमी होतं, तीन पायांच्या तिकाटण्यानं आणखी कमी. पण आमचे शिकवणारे आजोबा पहिले सहा आठवडे एकच काठी देत. त्यांचं म्हणणं, एकीवर जमलं तर तिन्हींवर जमेल.

रायफल थेट लाकडावर टेकवायची नाही. कठीण वस्तूवर ठेवलेली रायफल गोळी सुटताना उसळते आणि गोळी वर जाते. डाव्या हातानं काठी घट्ट धरायची, अंगठा बाहेर काढायचा, आणि त्या अंगठ्याच्या बेचक्यात रायफलचा पुढचा दांडा ठेवायचा. डावा पाय पुढे, वजन किंचित काठीवर, पण रेलायचं नाही, कारण रेललात की काठी सरकते. श्वास अर्धा सोडून थांबायचं. घोडा ओढायचा नाही, बोटाच्या पेरानं दाबत न्यायचा, इतका हळू की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही आधी कळू नये. आणि सुटल्यावर मान वर करायची नाही. हरिण कसं दचकलं, कुठल्या बाजूला गेलं, पाठ वाकवली का, हे दुर्बिणीतूनच बघायचं. पुढचा सगळा शोध त्या दोन सेकंदांवर चालतो.

हरणाच्या पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसं असतात ती जागा तळहाताएवढी. सुरुवातीला माझ्या पाच गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या जात. तळहातात यायला मला पूर्ण हिवाळा लागला. रेंजवर काडतुसांचे पैसे पडतात, वेळ मोजून मिळते, म्हणून खरा सराव घरी, रिकाम्या रायफलीनं. आवाज नाही, धक्का नाही, फक्त घोड्याचा टक् आणि त्या क्षणी काटा टिकलीवरून हलला की नाही हे दिसणं. सगळं शिक्षण त्या टक् मध्ये आहे.

आणि तरी मी एकदा चुकले. जूनमधली संध्याकाळ, ऐंशी मीटरवर एक तरुण नर, मी उभी, हातात एकच काठी. उतरतीवर पाय नीट रोवला नव्हता आणि प्रकाश जाईल म्हणून घाई केली. गोळी मागे लागली, पोटात. तो रानात शिरला. रात्री मागे जायचं नसतं, जखमी जनावर उठून आणखी दूर जातं. पहाटे माग काढणारा कुत्रा घेऊन त्याचे मालक आले. दीड तासानं तो सापडला, मेलेला. त्या रात्री किती वेळ तो जिवंत होता ते मला माहीत नाही आणि तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कुत्र्याच्या मालकांनी मला एक शब्द ऐकवला नाही, फक्त विचारलं, पाय कसे होते? इथली रीत म्हणून त्यांनी हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवली, शेवटचा घास. फ्रिजवरची टिकली त्या दिवसापासून आहे.

मावशीला मी हेच सांगेन की तुझी दया खरी आहे, पण ती गोळीपाशी येऊन थांबते. गोळीनंतर काय होतं, ते नेमावर अवलंबून असतं. आणि मामांना सांगेन की परवानगी म्हणजे नेम नव्हे.

आपल्याकडे परवानगीची सोय नाही असं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यातलं ११वं कलम उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाला, किंवा अधिकृत अधिकाऱ्याला, मारायची परवानगी देऊ देतं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला ही वाट नाही. भांडण होतं ते रोजड्यावरून. २०१६मध्ये बिहारात बाहेरून शिकारी बोलावून काही दिवसांत दोनशेहून जास्त रोजडे मारले गेले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, उघडपणे एकमेकांविरुद्ध बोलले होते. तो वाद मी इथे बसून शब्दन् शब्द वाचला. मारणं योग्य की अयोग्य, यावर सगळे बोलले. मारणाऱ्याची परीक्षा कुणी घेतली, किती जनावरं जखमी होऊन गेली, त्यांच्या मागावर कोण गेलं, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

माळव्यात शेतकऱ्याकडे पीकरक्षणाच्या नावावर असते ती छर्‍यांची बाराबोर बंदूक, नाहीतर आजोबांच्या वेळची ठासणीची भरमार. छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे फाकतात. रोजड्याचा नर दोनशे किलोच्या पुढचा. छर्रे खाऊन तो पळतो, आणि आठवडाभरानं कुठल्यातरी नाल्यात सडतो. याला पीकरक्षण म्हणायला माझी जीभ धजत नाही. शिवाय मामांसारखे कितीतरी जण स्वतः गोळी झाडणारच नाहीत. ते मला म्हणाले, "नावात गाय आहे, माझ्या हातून व्हायचं नाही. कुणीतरी करा." रोजडा गाय नाही, हरीणही नाही, काळविटासारखा कुरंगाच्या (अँटिलोपच्या) जातीचा आहे. पण भावना नावाला चिकटते, आणि त्या भावनेला हसण्यात अर्थ नाही.

मग इथलीच पद्धत उचलून तिकडे न्यावी का? मला नको वाटतं. इथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी बांधलेला आहे. छोटे मालक एकत्र येऊन रान भाड्यानं देतात, आणि हरणांनी किंवा रानडुकरांनी पीक खाल्लं तर भरपाई बहुधा भाड्यानं घेणारा शिकारी भरतो. हे मामांना फार आवडलं. पण इथे लांडगा शतकभर जवळपास नव्हताच, २०००नंतर कुठे परत वसू लागला. दर वर्षी दहा लाखांहून जास्त रे मारले जातात ते त्या रिकाम्या जागेत. आपल्याकडे वाघ-बिबटे आहेत, त्यांचं खाणं माणसानं काढून घ्यायचं कारण नाही. आणि बंदूक सैल सोडली की काय होतं ते आपल्याच राज्यानं पाहिलं आहे. मे २०२२मध्ये गुना जिल्ह्यात काळविटांच्या शिकाऱ्यांनी तीन पोलिसांना मारलं. मावशीची भीती हवेतली नाही. इंदूरच्या वेशीवर रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचा शिकारगाह उभा आहे, १९८९पासून तिथे अभयारण्य आहे. ते परत उलटं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही.

मला हवी आहे एक छोटी, ओळखता येण्याजोगी तुकडी. जिथे कळप हलवता येतो तिथे शाजापूरसारखं हलवा, ते महाग असलं तरी करा. जिथे येत नाही, तिथे वनखात्यानं पारखलेली माणसं जावीत. त्यांनी दर वर्षी शंभर मीटरवर, उभ्यानं, काठीच्या आधारानं पाच गोळ्या तळहातात घालून दाखवाव्यात. न जमलं तर परवाना त्या वर्षी बंद. त्यांच्यासोबत माग काढणारा कुत्रा असावा, आणि प्रत्येक गोळीचा, चुकलेल्याही, हिशेब वहीत. माणसं मिळणार नाहीत असं म्हणू नका. इंदूरजवळच महूला सैन्याचं नेमबाजी पथक आहे, रेवती रेंजवर सीमा सुरक्षा दलाची शस्त्रशाळा आहे. खरगोन जिल्ह्यातले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि आपले कोल्हापूरकडचे स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात खेळतात, त्यात काठीसुद्धा नसते. पन्नास मीटरवर गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानंही मारायचं, दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं. कुसाळेंनी २०२४मध्ये पॅरिसला त्यात कांस्य मिळवलं तेव्हा मी ऑफिसात रडले होते. हे कसब आपल्या मातीत आहे. त्याला वन्यजीवांच्या परवानगीशी कुणी जोडलेलं नाही, एवढंच.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. रोजडे येतात रात्री. इथे रे रात्री मारायला सहसा बंदी आहे. अंधारात पाठीमागे काय आहे ते दिसत नाही, आणि रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. गोळी जनावरातून निघाल्यावर मातीत जिरली पाहिजे, म्हणून इथे उंचावरून, खाली बघून मारतात. माळवा तर तव्यासारखा सपाट. हरभऱ्याच्या हंगामात प्रत्येक शेतात कुणीतरी टॉर्च घेऊन जागं असतं.

मामांचं मचाण आहे, चार बल्ल्यांवरचं, जमिनीपासून दहा-बारा फूट. मी त्यांना म्हटलं, "मामा, उद्या उजेडात वर चढा आणि चारी बाजूंना बघून सांगा, गोळी निघाली तर कुठे जाईल?" दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पूर्वेला पाटलांची विहीर आणि त्यापलीकडे सडक. उत्तरेला बटाईदाराची झोपडी. पश्चिमेला शाळा, लांब आहे, पण सरळ रेषेत. दक्षिणेला जुन्या तलावाची पाळ, मातीची, पुरुषभर उंच.

"म्हणजे एकच बाजू," ते म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले. "आणि रोजडे येतात विहिरीकडून."