२५२०चं ‘गूढ’ आणि रामानुजनांचं खरं काम

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं एक मजकूर फिरतोय: १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या म्हणजे २५२०, ती रामानुजनांनी शोधली, तिचं रहस्य आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने, आणि जगभरचे गणितज्ञ थक्क झालेत. मुलांपर्यंतही तो पोचतो, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘एकमेव’ हे साफ खोटं आहे. ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२०च्या कुठल्याही पटीला १ ते १० ने भाग जातो आणि या पटींना अंत नाही. २५२० ही त्यातली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० या संख्यांचा लसावि. शाळेतलं मूल तो वहीत काढतं, त्यात थक्क होण्यासारखं काही नाही.

आता ते रहस्य. २५२० = ८ × ९ × ५ × ७. आठ आला की २ आणि ४ आपोआप येतात, नऊबरोबर ३ येतो, आणि मग ६ व १० साठी वेगळं काही लागत नाही. ३० × १२ केलं की येतात ३६०, म्हणजेच ८ × ९ × ५. या ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. त्याला सातने गुणलं की काम झालं. तो सात आठवड्यातून घ्या नाहीतर सप्तसुरांतून, उत्तर २५२०च येणार! शिवाय वर्ष ३६० दिवसांचं नसतं, आणि वर्षाच्या दिवसांना आठवड्याच्या दिवसांनी गुणून कशाचंच मोजमाप होत नाही.

रामानुजनांनी ती शोधली, हेही चूक. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने २३०० हून अधिक वर्षांपूर्वी आपल्या आदर्श नगरासाठी ५०४० जमीनधारक सुचवले, ते या संख्येला १ ते १० ने भाग जातो हे सांगूनच. २५२० तिची निम्मी.

मला खरा राग येतो तो इथे: या मजकुरात रामानुजनांचं खरं काम झाकलं जातं. रामानुजनांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ निबंध छापला. विषय होता आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. अशा संख्यांचे मूळ अवयव कोणत्या घातांनी येतात, याचे नियम त्यांनी सिद्ध केले. त्यातल्या तक्त्यात २५२० आहे, पण ४८ विभाजकांची एक साधी नोंद म्हणून. तक्त्याच्या शेवटी आहे ६७,४६,३२,८३,८८,८००, म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख कोटी. संगणक नसताना काढलेली! मूळ अवयव मांडले तर ती अशी दिसते: २⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९ × २३. घातांमध्ये एकेक मिळवून गुणाकार करा, विभाजक भरतात १०,०८०. आणि १ पासून सलग भाग द्यायला लागलात तर २८ पर्यंत बाकी उरत नाही. पहिली बाकी उरते ती २९ ला.