'बॅश सगळीकडे असतंच' म्हणून एसएचचा नियम मोडू नका

सध्या एक दावा खूप फिरतोय, की बॅश (कमांड चालवणारं एक शेल) आता सगळ्या लिनक्सवर असतंच, त्यामुळे डेबियन या लिनक्सचा शेल स्क्रिप्टबद्दलचा, म्हणजे कमांडच्या फाइलींबद्दलचा, नियम जुनाट झालाय, त्यानं उगाच बॅशवर बंदी घातलीय, आणि काही अडलंच तर एरर येईल तेव्हा बघू.

बंदीचं आधी, कारण ते सरळसरळ खोटं आहे. डेबियनमध्ये बॅश इसेन्शियल, म्हणजे कायम असणारं, पॅकेज आहे. स्क्रिप्ट कोणत्या शेलनं चालवायची ते तिच्या पहिल्या ओळीत असतं, तिथे बॅश लिहा आणि अ‍ॅरे, [[ ]], जे हवं ते वापरा, डिपेंडन्सीसुद्धा द्यावी लागत नाही. पहिल्या ओळीत एसएच (सिस्टिमचं ठरलेलं साधं शेल) लिहिलं असेल तर मात्र आत बॅशचं खास काही नको, एवढंच मागणं आहे. त्यातही लोकल व्हेरिएबल पॉझिक्स या मानकात नसूनही डेबियनच्या पॉलिसीनं, म्हणजे याच नियमांनी, चालवून घेतलेत.

आता 'सगळीकडे असतं'. असेल, पण एसएच म्हणजे बॅश नव्हे ना! उबुंटूनं 2006 मध्ये आणि डेबियननं 2011 च्या स्क्वीझमध्ये एसएच डॅश नावाच्या शेलवर नेलं, कारण ते हलकं आणि फास्ट आहे. अल्पाइन लिनक्सवर बिझीबॉक्स या टूलसंचातलं अ‍ॅश हे शेल असतं, तिथे बॅश वेगळं टाकावं लागतं.

'एरर येईल तेव्हा बघू' हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं, कारण एरर येतेच असं नाही. बॅशमध्ये &> लिहिलं की आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलमध्ये जातात, पण डॅश तेच & आणि > असं वेगवेगळं वाचतं, म्हणजे कमांड बॅकग्राउंडला जाते, फाइल रिकामी होते आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'यशस्वी', मिळतो. आता एखादा प्रोग्राम आहे का हे बघायला कुणी इफमध्ये हे लिहिलं, तर उत्तर कायम 'आहे' असंच येणार, आणि पॅकेजची पोस्टइन्स्ट (इन्स्टॉलच्या शेवटी चालणारी) स्क्रिप्ट तर रूट म्हणून चालते, ती त्या उत्तरावर विसंबून पुढे काय काय करेल याचा विचार करा.

'माझ्याकडे चाललं' यानं काहीच सिद्ध होत नाही. फेडोरावर एसएच म्हणजे बॅशच, आणि एसएच नावानं चालवलं तरी ते [[ ]] आणि अ‍ॅरे निमूट घेतं. डॅशवर चालवून बघा, चेकबॅशिझम्स किंवा शेलचेक ही स्क्रिप्ट तपासणारी टूल्स लावा, आणि बॅशचं काही सापडलं आणि ते खरंच हवं असेल तर पहिली ओळ बदला.