‘फक्त गाठीवरच पडणारे’ रेडिएशन: फिरत्या मजकुराचा मुद्देसूद प्रतिवाद

कर्करोगावरील किरणोपचारांविषयी व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक गटांतून पुन:पुन्हा पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुराचा आशय थोडक्यात असा असतो: नव्या यंत्रांचे किरण फक्त गाठीवरच पडतात, आजूबाजूच्या निरोगी पेशींना त्यांचा स्पर्शही होत नाही, काम एका बैठकीत होत असताना रुग्णालये पाच-सहा आठवडे रोज बोलावतात ती बिल वाढवण्यासाठी, प्रोटॉन हाच खरा उपचार आणि बाकीचे सगळे जुनाट, शिवाय ‘लाईट’ (म्हणजे किरणोपचार) घेतलेल्या माणसाजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये. यातील प्रत्येक विधानाला सत्याचा एखादा कण चिकटलेला आहे आणि म्हणूनच ती लोकांना पटतात.

पहिले विधान निरोगी पेशींना स्पर्श न होण्याचे. लिनॅक या किरणोपचाराच्या नेहमीच्या यंत्रातून निघणारे क्ष-किरण शरीराच्या एका बाजूने आत शिरतात, गाठीतून आरपार जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक ऊतीला ते थोडी ना थोडी मात्रा देतातच. म्हणून ते अनेक कोनांतून सोडले जातात, जेणेकरून सगळे झोत जिथे एकमेकांना छेदतील तिथे मात्रा भरघोस पडावी आणि इतरत्र ती विभागली जावी. आयएमआरटी या तंत्रात यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या मागेपुढे सरकत झोताला हवा तसा आकार देतात. मात्र कोन जितके जास्त, तितक्या जास्त भागावर किरणांची अल्प मात्रा पसरते, ही याच तंत्राची दुसरी बाजू आहे.

मग फायदा कोणता? नाजूक अवयवांना मिळणारी मात्रा ठरवलेल्या मर्यादेत ठेवता येते, हा. घशाच्या कर्करोगात जुन्या पद्धतीने लाळग्रंथी कायमच्या निकामी होत आणि रुग्णाला पाण्याच्या घोटाशिवाय घास गिळता येत नसे. ब्रिटनमधील ‘पार्स्पोर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले; त्यांत उपचारानंतर वर्षभराने तोंडाला लक्षणीय कोरड असणाऱ्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर आयएमआरटीत ३८ टक्के आढळले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांवर टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधकांनी केलेल्या चाचणीत आतड्यांचा उशिरा उद्भवणारा त्रास तीन वर्षांत जुन्या पद्धतीत ४२ टक्के, तर आयएमआरटीत २१ टक्के स्त्रियांना झाला, परंतु कर्करोग आटोक्यात राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्रास निम्म्यावर येणे ही मोठीच गोष्ट आहे, पण ‘स्पर्शही होत नाही’ असे म्हणणाऱ्याने उरलेल्या २१ टक्क्यांना काय सांगावे?

याहून महत्त्वाची बाब म्हणजे केवळ दिसणाऱ्या गाठीवर किरण सोडणे हे बहुतेक वेळा उद्दिष्टच नसते. सीटी स्कॅनच्या एकेका कापावर डॉक्टर आधी डोळ्यांना दिसणारी गाठ आखतात, मग तिच्याभोवती सूक्ष्म प्रसाराची शक्यता असलेला भाग, आणि त्याभोवती हालचालीसाठी आणखी काही मिलिमीटरची मोकळीक. स्तनातील गाठ काढून टाकल्यावर जे किरण दिले जातात, तिथे तर गाठच शिल्लक नसते. न दिसणाऱ्या पेशींसाठीच तो खटाटोप असतो. स्कॅननंतर उपचार सुरू व्हायला लागणारे काही दिवस या आखणीत, भौतिकतज्ज्ञांच्या गणितात आणि यंत्रावरील तपासणीत जातात. शरीरही स्थिर नसते. श्वासाबरोबर फुप्फुसातील गाठ एखाद-दोन सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. मूत्राशय किती भरले आहे यावर गर्भाशय किंवा प्रोस्टेटची जागा बदलते. म्हणूनच अशा रुग्णांना ठरावीक पाणी पिऊन यायला सांगतात, टेबलावर आडवे झाल्यावर आधी छोटा स्कॅन घेतात आणि गुदाशयात वायू साचलेला दिसला तर रुग्णाला खाली उतरवून फेऱ्या मारायला पाठवतात. यंत्र कितीही महाग असले, तरी आखणी चुकली तर ते चुकीच्या जागेवर अगदी अचूक मारा करील.

दुसरा आक्षेप एका बैठकीचा. स्वीडनमधील मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ‘रेडिओसर्जरी’ची, म्हणजे चाकूऐवजी किरणांच्या एकाच मोठ्या मात्रेची, कल्पना मांडली आणि त्यातूनच पुढे गॅमा नाइफ हे मेंदूवर नेमके किरण सोडणारे यंत्र आले. मेंदूतील लहान गाठींसाठी एक बैठक आणि फुप्फुसातील लहान गाठींसाठी मोजक्या बैठका खरोखरच पुरतात. पण गाठ मोठी असेल, आतड्याला किंवा मज्जारज्जूला खेटून असेल, अथवा रोग लसिकाग्रंथींत पसरला असेल, तर तेवढी मात्रा एकदम देणे धोक्याचे असते. निरोगी पेशींना दोन बैठकांच्या मध्ये दुरुस्तीला जी सवड मिळते, तिच्या जोरावरच ३० ते ३५ बैठकांचा उपचार उभा आहे. शिवाय बैठका कमी करण्याचे प्रयोग डॉक्टरांनीच केले. स्तनाच्या कर्करोगात पाच आठवड्यांचे तीन आठवडे झाले. २०२० मध्ये ‘फास्ट-फॉरवर्ड’ या ब्रिटिश चाचणीने पाच बैठकांत, म्हणजे आठवडाभरात, २६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा देऊनही निष्कर्ष तोडीस तोड येतात हे दाखवले. बिलाविषयीची शंका मात्र सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही, कारण काही खासगी रुग्णालये यंत्राच्या नावाचीच जाहिरात करतात. ‘माझ्या आजारात कमी बैठका चालतील का, आणि नसतील तर का?’ हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

प्रोटॉनची गोष्ट वेगळी आहे. हा कण ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या या गुणाचा उपचारासाठी उपयोग होईल, हे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच सुचवले होते. वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूच्या व मणक्याच्या गाठींत हा गुण अनमोल आहे. भारतात २०१९ पासून चेन्नईच्या अपोलोत, तर २०२३ पासून नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉन उपचार उपलब्ध आहेत. परंतु प्रोस्टेटच्या कर्करोगात आयएमआरटीशी थेट तुलना करणाऱ्या आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी चाचणीत ना दोन वर्षांनंतर आतड्यांच्या त्रासात फरक दिसला, ना रोगनियंत्रणात. याउलट कर्करोग हाडांत पसरून असह्य वेदना होत असतील, तर भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’सारख्या, किरणोत्सारी कोबाल्ट वापरणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्रावर ८ ग्रेची एकच बैठक वेदनाशमनासाठी बहुधा अनेक बैठकांइतकीच गुणकारी ठरते. ज्या यंत्राला हा मजकूर जुनाट ठरवतो, त्याच यंत्रावर त्याची लाडकी एक बैठक साधते, हा विनोद त्याच्या लेखकाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

लहान मुलांना दूर ठेवण्याच्या सल्ल्यासाठी फार शब्द खर्चण्याची गरज नाही. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. रुग्णाच्या अंगात, कपड्यांत किंवा ताटवाटीत काही उरत नाही, आणि त्याने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांना किंवा शरीरात कायमचे किरणोत्सारी कण बसवलेल्यांना काही काळ अंतर पाळावे लागते, आणि त्यांना तशा सूचना रुग्णालयच देते.

या मजकुराचा खरा उपद्रव मात्र निराळा आहे. तो वाचून अर्धा उपचार झालेला रुग्ण ‘चांगल्या मशीन’च्या शोधात पंधरवडाभर थांबतो. डोके व मानेच्या कर्करोगात, म्हणजे आपल्याकडे तंबाखूमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या आजारात, ठरलेला कालावधी लांबला की उरलेल्या कर्करोगपेशी झपाट्याने वाढू लागतात, आणि वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. यंत्र बिघडल्यामुळे किंवा सणामुळे एखादा दिवस बुडाला, तर विभागातली मंडळी शनिवारी बोलावून किंवा सहा तासांच्या अंतराने एकाच दिवशी दोन बैठका देऊन तो भरून काढतात. पंधरवडा तसा भरून काढता येत नाही.