हरणासाठी फुल मेटल जॅकेट? हा संदेश पुढे पाठवू नका

काल थँक्सगिव्हिंगचं जेवण आटोपल्यावर भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. "मामा, हे बरोबर आहे ना? मी ह्याच गोळ्या घेतल्यात." पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल सीझन उद्या, शनिवारी उघडतोय. त्याचा हा पहिलाच. आणि फोनवर तोच संदेश, जो आठवडाभर इथल्या मराठी ग्रुपांत फिरतोय. त्यात म्हटलंय: टोक पसरणाऱ्या गोळ्या क्रूर, म्हणून १८९९ पासून त्यांच्यावर जगभर बंदी, तेव्हा फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूच्या कवचात पूर्ण बंद असलेली, न पसरणारी गोळीच वापरा. किंवा मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेली गोळी घ्या, कारण सर्वांत अचूक तीच शिकारीला उत्तम. शिवाय म्हणे जड गोळी झुडपातूनही सरळ जाते. आणि शिशाऐवजी वापरतात त्या तांब्याच्या गोळ्या अचूक नसतात.

पहिला मुद्दा वाचून माझा संताप झाला, कारण तो दयेच्या नावाखाली जनावराचे हाल करायला सांगतो.

१८९९ चा हेग जाहीरनामा खरा आहे, एवढं कबूल. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात शिशाचं टोक उघडं ठेवलेली गोळी बनली, तिच्यावरून युरोपात गदारोळ झाला आणि हेगला असा ठराव झाला. पण तो ठराव मुळात वाचा. सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरताच तो लागू आहे, असं त्यातच लिहिलंय. शिकारीचा त्यात संबंध नाही. अमेरिकेने तर त्या जाहीरनाम्याला कधी मान्यताच दिली नाही, आणि इथले पोलीससुद्धा टोक पसरणाऱ्याच गोळ्या वापरतात.

उलट पेनसिल्व्हेनियाचा शिकार नियम सांगतो की हरणासाठी गोळी एकतर पूर्ण शिशाची हवी, नाहीतर आदळल्यावर पसरेल अशी बनवलेली हवी. म्हणजे संदेश पाळून भाचा उद्या रानात गेला असता तर त्याने कायदाच मोडला असता.

आणि हा नियम का आहे? फुल मेटल जॅकेटमध्ये शिशावर धातूचं घट्ट कवच असतं. ती गोळी बहुतेक वेळा बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण पळतं, रक्ताचा माग पुसट पडतो आणि जनावर कुठेतरी दूर, तासन्‌तास तडफडून मरतं. वर ती आरपार गेलेली गोळी मागे कुणाच्या दिशेने गेली हा प्रश्न उरतोच. सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला मऊ शिसं उघडं असलेल्या गोळीचं टोक अळंबीसारखं उमलतं, गोळीची जाडी जवळपास दुप्पट होते, फुफ्फुसांत रुंद जखम होते आणि हरीण लवकर कोसळतं. दया म्हणायची तर ती इथे आहे.

मॅच बुलेटबद्दल मी काही बोलण्यापेक्षा बनवणाऱ्यांचंच ऐका. सिएरा ह्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या मॅचकिंग गोळ्या नेमबाजीच्या स्पर्धांत जगभर नावाजलेल्या आहेत, आणि बहुतेक प्रकारच्या शिकारीसाठी त्या वापरू नयेत असं सिएरा स्वतःच सांगते. टोकाला बारीक भोक दिसतं म्हणून लोक तिला होलो पॉइंट, म्हणजे पसरण्यासाठी टोक पोकळ ठेवलेली गोळी समजतात. पण ते भोक पसरण्यासाठी ठेवलेलं नसतं. कवच बुडाकडून टोकाकडे वळवत आणताना ते उरतं, एवढंच. अशी गोळी कधी आत शिरून चुरा होते, कधी न उमलताच निघून जाते. ह्या बेभरवशावर जिवंत जनावर सोपवायचं नाही.

शिवाय एवढी अचूकता हवीय कुणाला? व्हाइटटेलच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. शंभर यार्डांवर जिच्या गोळ्या दीड इंचाच्या आत लागतात, त्या रायफलीच्या दोनशेवर तीन इंचांत लागतील. अर्ध्या इंचात लागलेल्या गोळ्यांचा पुंजका कागदावर छान दिसतो, पण पहिल्यांदा हरीण समोर आल्यावर हात थरथरतो, श्वास चढतो, तिथे तो एक इंच कुठल्या कुठे जातो.

झुडपाचं म्हणाल तर कुठलीही गोळी फांदीला लागून वळते, जड असो वा हलकी. वाट मोकळी नसेल तर चाप ओढू नये.

तांब्याबद्दल त्यांचं थोडं खरं आहे, नाइलाजाने मानतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे पुरेसे पीळदार नसतील तर ती नीट स्थिरावत नाही. काही रायफलींना ती मानवतच नाही. त्यावर उपाय म्हणजे थोडी हलकी गोळी घेऊन रेंजवर तपासणं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे, आणि तिथे हरणांची शिकार थांबलेली नाही.

भाच्याचा तो डबा आता फक्त सरावासाठी ठेवलाय. आज सकाळी आम्ही दोघं रेंजवर गेलो आणि साध्या १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) सॉफ्ट पॉइंटवर त्याची दुर्बीण पुन्हा जुळवली. शंभर यार्डांवर तीन गोळ्या, दीड इंचात. ज्यांनी तो संदेश पुढे ढकललाय त्यांनी निदान पहिला मुद्दा तरी आज रात्रीच्या आत मागे घ्यावा. उद्या पहाटे लोक रानात असतील.