फ्री करायला काय शेजारचे येणार?

डोकं फिरलंय आज. सकाळपासून टीममधल्या एकाची C मधली एकच फाइल रिव्ह्यू करतोय, कॉन्फिग (प्रोग्रामच्या सेटिंग्ज) लोड करणारी, जेमतेम ४०० ओळींची, तीनदा परत पाठवली तरी लीक (घेतलेली मेमरी फ्री न करता तशीच सोडणं) आहे तिथेच. आणि त्याचं उत्तर ठरलेलं, "प्रोग्राम बंद झाला की ओएस घेतेच ना मेमरी परत". घेते रे बाबा, पण हा डीमन आहे, मागे सतत चालत राहणारा प्रोग्राम, तो बंद व्हायला लिहिलेलाच नाही! सिगहप सिग्नल आला की अख्खी कॉन्फिग परत वाचतो, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नव्या स्ट्रक्टवर, म्हणजे सेटिंग्जच्या नव्या गठ्ठ्यावर, वळवतो आणि जुना स्ट्रक्ट त्यातल्या सगळ्या स्ट्रिंग्जसकट वाऱ्यावर.

बरं फ्री लिहिलंच नाहीये असंही नाही. लिहिलंय की, फंक्शनच्या पार शेवटी, फ्री, फाइल बंद करणारा एफक्लोज, सगळं छान ओळीत. आणि मधे सात ठिकाणी रिटर्न मायनस वन, चूक दिसली की तिथूनच बाहेर. ओळीत = नाही सापडलं, रिटर्न. पोर्ट नंबर चुकला, रिटर्न. शेवटपर्यंत पोचतंय कोण मग? गोटू क्लीनअप कर, म्हणजे चूक दिसली की शेवटच्या साफसफाईवर उडी मार, म्हटलं तर म्हणे गोटू वाईट असतं. अरे लिनक्स कर्नलमधे जागोजागी हेच करतात, त्यांच्या कोडिंग स्टाइलमधे लिहून ठेवलंय!

सगळ्यात भारी तर होस्टचं. डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणून सरळ "लोकलहोस्ट" लिटरल (कोडमधेच लिहिलेली स्ट्रिंग) चिकटवलाय, आणि फाइलमधे होस्ट असेल तर त्याची स्ट्रडप, म्हणजे फ्री करता येईल अशी मॅलॉकची मेमरी घेऊन केलेली कॉपी. साहजिकच ज्या दिवशी फ्री टाकलं त्या दिवशी डीफॉल्टवाल्या केसला क्रॅश झाला, कारण लिटरल काय मॅलॉकने दिलेला नाही. मग याने काय करावं? डीफॉल्टला पण स्ट्रडप करायचं सोडून फ्रीच उडवलं! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"पण व्हॅलग्रिंड क्लीन आहे", म्हणजे लीक शोधणाऱ्या टूलला काही सापडलं नाही, हे वर. असणारच, तू चांगली फाइल देऊन चालवलंस! मी एका ओळीतलं फक्त = काढलं आणि चालवलं, लगेच १२० बाइट्स डेफिनेटली लॉस्ट. हे १२० म्हणजे जीलिबसीचा (लिनक्सवरची C लायब्ररी) गेटलाइन ओळ वाचून ठेवायला पहिल्यांदा घेतो तो बफर, बघून बघून पाठ झालाय मला आता. गेटलाइन फेल झाला तरी तो बफर आपणच फ्री करायचा असतो, मॅन पेजमधे (फंक्शनच्या माहितीपानावर) आहे, पण मॅन पेज वाचायला वेळ कोणाला.

आणि न बंद केलेली फाइल? ती व्हॅलग्रिंडच्या स्टिल रीचेबलमधे (पत्ता अजून हाताशी असलेली मेमरी) जाऊन बसते, कारण जीलिबसी उघड्या फाइल्सची स्वतःची लिस्ट ठेवते, मग हा म्हणतो स्टिल रीचेबल म्हणजे लीक नाही. अरे मेमरी मरू दे, डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) गेला ना! फाइल मोडकी असताना रीलोड मारत बसलं की प्रत्येक वेळी एक, लिमिट बऱ्याचदा १०२४ची असते, ती भरली की टू मेनी ओपन फाइल्स आणि मग नवीन कनेक्शनसुद्धा घेता येत नाही बिचाऱ्याला.

यावर उत्तर काय तर "प्रॉडक्शनला मोडकी फाइल कोण देतंय". माणसं देतात रे, कॉन्फिग हाताने लिहितात, घाईत, अर्धवट झोपेत, म्हणून तर ते सात रिटर्न तूच लिहिलेस ना?

चौथ्यांदा परत पाठवलंय. कॉमेंटमधे काही बोललो नाही, फक्त ती १२० बाइट्सची ओळ पेस्ट केली.