कोड उघडा, म्हणून मेलही उघडे? एका फॉरवर्डला उत्तर

‘ओपन सोर्सचा धोका ओळखा!!!’ अशा मथळ्याचा एक मेसेज प्राध्यापकांच्या ग्रुप्सवर फिरतो आहे. विद्यापीठाने आपली ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड (प्रोग्रामच्या आज्ञा) कुणालाही बघता येतो अशी, ईमेल यंत्रणा मोडीत काढून कंपनीचं प्रोप्रायटरी, म्हणजे बंद कोडचं, सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, की त्या निर्णयाला टेकू म्हणून तो पुढे सरकवला जातो. मुद्दे सहा, उद्गारचिन्हं त्याच्या तिप्पट. असल्या मेसेजांना मी एरवी उत्तर देत नाही. पण हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. ती विद्यापीठात शिकवते. शोधनिबंधांची परीक्षणं, विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं, एका तक्रार समितीचा पत्रव्यवहार, सगळं तिच्या विद्यापीठाच्या मेलमध्ये आहे. फॉरवर्डखाली तिने विचारलं होतं, “अरे, म्हणजे इतकी वर्षं हे सगळं कुणीही वाचू शकत होतं का?” मी उत्तर टाइप करेपर्यंत घाबरून तिने तक्रार समितीचं अख्खं फोल्डर डिलीट केलेलं होतं. ते परत मिळालं, त्याच बदनाम ओपन सोर्स सर्व्हरच्या बॅकअपमधून.

तर आता मुद्दे.

‘ओपन सोर्समध्ये कोड जगाला दिसतो, त्यामुळे त्यावरचे ईमेलही कुणीही वाचू शकतं.’

हे ज्याने लिहिलं त्याला एकतर कोड म्हणजे काय ते ठाऊक नाही, किंवा वाचणाऱ्याला ते ठाऊक नसेल यावर त्याची भिस्त आहे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण मेसेजची बाकीची भाषा अडाणी माणसाची नाही.

डव्हकॉट घ्या. मेलबॉक्स सांभाळणारा हा प्रोग्राम असंख्य संस्थांत चालतो आणि त्याचा कोड कुणालाही उतरवून घेता येतो. घ्या उतरवून, आणि पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मावशीच्या पत्रव्यवहारातलं एक अक्षर त्यात सापडणार नाही. मेल कोडमध्ये नसतातच, ते विद्यापीठाच्या सर्व्हरच्या डिस्कवर असतात. तिथवर पोचायला खातं आणि पासवर्ड लागतो, आणि तुमचा लॅपटॉप व सर्व्हर यांच्यातली ये-जा टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध केलेली असते, म्हणजे मध्येच कुणी पकडली तरी वाचता येत नाही. कोड वाचून या तीनपैकी काहीही हाती लागत नाही.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाबद्दल १८८३ मध्येच लिहून ठेवलं आहे की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित असावं ते फक्त किल्लीत. सगळं आधुनिक कूटलेखन याच पायावर उभं आहे. एईएस ही कूटलेखनाची पद्धत जाहीर स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१ पासून तिचा तपशील कुणालाही वाचता येतो. टीएलएसचंही तेच. जे प्रोप्रायटरी सॉफ्टवेअर घ्या म्हणून हा मेसेज गळा काढतो, तेसुद्धा याच टीएलएसवर आणि याच एईएसवर चालतं. शिवाय ते दुसऱ्या संस्थेला मेल पाठवतं तेव्हा एसएमटीपी बोलतं, म्हणजे मेल पोचवण्याचे ठरलेले नियम पाळतं, आणि जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला एसएमटीपीचा मसुदा १९८२ पासून जगजाहीर आहे. मेसेजचं तर्कशास्त्र मानायचं तर पृथ्वीतलावरचा प्रत्येक ईमेल चव्हाट्यावर आहे, त्या कंपनीचाही.

मावशीच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मात्र ‘कुणीच वाचू शकत नाही’ असंही नाही. ज्याच्याकडे सर्व्हरचे सर्वाधिकार आहेत तो ॲडमिन ठरवलं तर मेल उघडू शकतो. आज तो विद्यापीठाचा नोकर आहे, त्याचं नाव तिला माहीत आहे आणि तो विद्यापीठाच्या शिस्तीला बांधलेला आहे. मेलबॉक्स कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे तिच्या दूरच्या सर्व्हरवर, गेले की विद्यापीठाचा ॲडमिन असतोच, त्याच्या वर कंपनीही येते. कंपनी अमेरिकी असेल तर २०१८ चा क्लाउड ॲक्ट येतो. त्यानुसार, माहिती कुठल्याही देशातल्या सर्व्हरवर असो, ती कंपनीच्या ताब्यात असेल तर अमेरिकी यंत्रणा कायदेशीर आदेशाने मागू शकते. वाचू शकणाऱ्यांची यादी वाढली की कमी झाली, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘नामांकित कंपनीचं सॉफ्टवेअर हॅक होत नाही.’

इथे फार शोधाशोध करावी लागत नाही. अमेरिकी सरकारच्याच सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाचा एक अहवाल एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला असेल त्याने तो अहवाल तिथे टाकावा आणि गंमत बघावी.

२०२३ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या क्लाउडवरच्या मेल सेवेत झालेली घुसखोरी, हा त्या अहवालाचा विषय. स्टॉर्म-०५५८ या चीनशी संबंधित गटाच्या हाती मायक्रोसॉफ्टची २०१६ साली बनवलेली एक साइनिंग की लागली. अशा कीने सही केलेलं टोकन दाखवलं की सर्व्हर समजतो, हा माणूस रीतसर लॉगिन करून आलेला आहे. पासवर्ड कुणी विचारत नाही. ही की २०२१ मध्येच वापरातून काढायची होती, ती निघाली नाही. वर आणखी एक घोळ होता. की होती घरगुती ग्राहकांच्या खात्यांसाठी, पण तिची सही संस्थांच्या खात्यांवरही चालून गेली. २२ संस्था आणि ५०० हून अधिक माणसांचे मेलबॉक्स उघडले गेले. एकट्या अमेरिकी परराष्ट्र खात्याचे सुमारे ६०,००० ईमेल गेले.

विद्यापीठांनी वाचायचा भाग यापुढचा आहे. चोरी होते आहे हे मायक्रोसॉफ्टला कळलंच नव्हतं. ते ग्राहकाने, म्हणजे परराष्ट्र खात्याने, कंपनीला कळवलं. त्यांना तरी कसं कळलं? त्यांनी महागडा परवाना घेतलेला होता आणि कुठला मेल कधी उघडला गेला याची बारीक नोंद तेव्हा त्याच परवान्यात मिळत होती. स्वस्त परवानेवाल्यांच्या खात्यात चोर शिरला असता तर त्यांच्यापुढे ही नोंद आलीच नसती. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती इतरांनाही द्यायचं कबूल केलं. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा ओपन सोर्स प्रोग्राम) आणि डव्हकॉट यांचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, सर्व्हरवर फाइलमध्ये पडलेला असतो, त्याला जास्तीचा परवाना लागत नाही. वाचणारा माणूस लागतो, आणि तो सगळीकडेच लागतो.

की चोरीला कशी गेली? एका क्रॅश डंपमधून, म्हणजे प्रोग्राम कोसळताना मेमरीची जी प्रत निघते तिच्यातून, निसटली असावी, असं कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तिनेच त्यात दुरुस्ती केली की ती की असलेला असा डंप आम्हाला सापडलेला नाही. बोर्डाने निष्कर्षात लिहिलं आहे की ही घुसखोरी टाळता येण्यासारखी होती आणि ती कधीच व्हायला नको होती. कंपनीची सुरक्षेची संस्कृती अपुरी आहे, ती मुळापासून बदलायला हवी, असंही बोर्ड म्हणतं. सगळा कोड बंद असताना हे घडलं.

‘क्लाउड नको असेल तर त्याच कंपनीचा सर्व्हर आपल्याकडेच ठेवू,’ असंही कुणी म्हणतं. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टला घाईघाईने पॅच, म्हणजे कोडच्या दुरुस्त्या, काढावे लागले ते अशाच, संस्थांनी स्वतःकडे ठेवलेल्या एक्स्चेंज सर्व्हरमधल्या चार भोकांसाठी. तोवर जगभर लुटालूट सुरू झालेली होती. युरोपियन बँकिंग अथॉरिटीसुद्धा त्यात सापडली.

ओपन सोर्सवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपणहून पसरलेल्या एका प्रोग्रामने, सेंडमेल या ओपन सोर्स मेल प्रोग्राममधूनही वाट काढली होती. २०१९ मध्ये एक्झिम या तसल्याच प्रोग्राममध्ये इतकं वाईट भोक निघालं की नुसता नीट रचलेला पत्ता पाठवून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता यायची. दुरुस्त केलेली आवृत्ती उपलब्ध होती, तरी मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला इशारा द्यावा लागला की रशियन लष्करी हॅकर अजून त्याच भोकातून आत येताहेत. म्हणजे वर्षभर कित्येक ॲडमिननी पॅच लावलाच नव्हता. या दुखण्याला कोड उघडा किंवा बंद असल्याने फरक पडत नाही. पॅच लावायला माणूस आहे का आणि त्याला रजेवर जाताना बदली मिळतो का, यावर ते अवलंबून आहे.

‘ओपन सोर्स म्हणजे विद्यार्थ्यांची हौस. बिघडलं तर जबाबदार कोण?’

विद्यापीठाच्या लोकांना हे सांगायला धाडस लागतं. सेंडमेल एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलं. सर्व्हरवरचे मेल वाचण्याची ठरलेली पद्धत, म्हणजे आयमॅप हा प्रोटोकॉल, मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९८६ मध्ये तयार केला. सायरस हा मेल सर्व्हर कार्नेगी मेलन विद्यापीठाचा. एक्झिम फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठासाठी लिहायला घेतलं. पोस्टफिक्सचे वित्से वेनेमा तेव्हा आयबीएमच्या संशोधन विभागात होते. ईमेल चालवणारी यंत्रणा बरीचशी विद्यापीठांनी स्वतःच्या गरजेपोटी घडवली, आणि आता त्यांनाच सांगितलं जातंय की हे तुमचं काम नव्हे. मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस हॉटमेल विकत घेतलं, तेव्हा तेही फ्रीबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि सन कंपनीच्या सोलारिसवर चालत होतं, हे जाता जाता.

जबाबदारीचं म्हणाल तर करार वाचा. एक्स्चेंज ऑनलाइनची हमी ९९.९ टक्क्यांची आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं सेवा बंद राहिली तर कंपनी काही देणं लागत नाही. त्यापुढे त्या महिन्याच्या शुल्काच्या २५, ५० किंवा फार तर १०० टक्के रक्कम पुढच्या बिलात वळती होते. बुडालेली प्रवेशप्रक्रिया किंवा न पोचलेली मुलाखतीची पत्रं यांची भरपाई त्यात येत नाही. योजना फुकटची असेल तर शून्याचे शंभर टक्के हातात घेऊन बसा.

आणि १ जानेवारी २०२२ आठवा. त्या दिवशी एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चालवणाऱ्यांचे मेल रांगेत अडकून पडले. व्हायरस तपासणाऱ्या भागाने तारखेवरून बनवलेला आकडा २२०१०१०००१ झाला, आणि ज्या खणात तो ठेवायचा तिथे २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावतच नव्हता. कंपनीने दुरुस्तीची स्क्रिप्ट दिली. ती चालवायला नववर्षाच्या सुट्टीत सर्व्हरपाशी बसले ते त्या-त्या संस्थेचे ॲडमिनच.

‘कॅलेंडर, मोबाइल, स्पॅम सगळं आपोआप.’

जिवावर येतंय, पण यात तथ्य आहे. कॅलेंडरच्या बाबतीत ओपन सोर्स मागे आहे. सोगो वगैरे ओपन सोर्स कॅलेंडरं आहेत, पण दहा जणांच्या बैठकीची वेळ ठरवताना ते एक्स्चेंजइतकं सुरळीत होत नाही. दुसरं दुखणं मेल पोचवण्याचं. एका विद्यार्थ्याचा पासवर्ड फिशिंगमध्ये, म्हणजे फसव्या मेलला भुलून, गेला, त्याच्या खात्यातून रात्रीत हजारो स्पॅम सुटले, की सकाळी अख्ख्या विद्यापीठाचे मेल बाहेरचे सर्व्हर नाकारू लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या लेखी जीमेलवर दिवसाला सुमारे ५,००० किंवा जास्त) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे मेल खरोखर त्याच संस्थेचा असल्याचे तिन्ही पुरावे सक्तीचे केले आहेत. हे सांभाळायला जाणती माणसं लागतात. जिथे सगळा सर्व्हर एकाच माणसाच्या डोक्यात आहे आणि तो माणूस निवृत्तीला आलाय, तिथे बाहेरची सेवा घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. मग तसं कारण द्या ना. ‘आमच्याकडे माणसं नाहीत आणि आम्ही भरणार नाही,’ हे वाक्य फॉरवर्ड करायला लाज वाटते म्हणून सुरक्षेचा बागुलबुवा उभा करायचा?

बाकी ‘आपोआप’बद्दल एवढंच की मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनवर आयमॅपचं साधं पासवर्ड-लॉगिन बंद करायला घेतलं. जुने मेल प्रोग्राम आणि प्रयोगशाळांतल्या मेल वाचणाऱ्या स्क्रिप्ट त्यात अडकल्या. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण तारीख कंपनीने ठरवली, तुमची परीक्षा चालू आहे की प्रवेश, हे विचारून नव्हे.

‘सगळं जग ओपन सोर्स सोडतंय.’

पुष्कळ विद्यापीठं गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे गेली आहेत, हे खरं. ‘सगळं जग’ खोटं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या प्रशासनाने २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज आणि आउटलुक सोडून ४०,००० हून अधिक मेलबॉक्स ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड या ओपन सोर्स प्रोग्रामांवर आणले. ओपन-एक्स्चेंज हे नाव फसवं आहे, मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजशी त्याचा संबंध नाही.

‘शिक्षणसंस्थांना हे फुकट मिळतं.’

मिळत होतं, अमर्याद. मग विद्यापीठांनी सर्व्हर काढून टाकले, माणसं दुसरीकडे लावली, आणि २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं की जुलै २०२२ पासून संस्थेला सगळं मिळून १०० टेराबाइट. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपली १०० टेराबाइटची मर्यादा जाहीर केली. ५०,००० खात्यांच्या विद्यापीठात भागाकार केला तर माणशी २ जीबी येतात, आणि त्यातच ड्राइव्हवरच्या फाइलीही बसवायच्या. मग कात्री चालते ती आधी माजी विद्यार्थ्यांच्या आणि निवृत्त प्राध्यापकांच्या खात्यांवर.

‘शैक्षणिक सवलत’ हा हक्कही नव्हे. सर्नसारखी संशोधनसंस्था वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टच्या सवलतीवर होती. २०१९ मध्ये कंपनीने त्यांचा शैक्षणिक दर्जा काढून घेतला आणि माणशी शुल्क लावलं. परवान्यांचा खर्च दहापटीहून जास्त वाढत असल्याचं सर्नने स्वतः जाहीर केलं. निदान वाढीव शुल्क काही वर्षांत विभागून घेण्याइतकी घासाघीस त्यांना करता आली, आणि पर्याय चाचपायला स्वतःचे अभियंते त्यांच्याकडे होते. विद्यापीठाने करारावर सही करण्याआधी त्यात एक कलम शोधावं: दर वाढले आणि निघायचं ठरलं, तर सगळे मेलबॉक्स कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने परत मिळणार?