‘नुसती आकडेमोड’ या आक्षेपाबद्दल

नमस्कार,

ऑस्ट्रियन गणितज्ञ ब्रूनो बुखबर्गर आणि बहुपदी समीकरणं सोडवायची त्यांची कृती यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन. बुखबर्गर यांचं काम म्हणजे ‘शाळकरी’ चलांचा लोप (समीकरणांतून एकेक अज्ञात काढून टाकणं), फक्त यंत्राकडून करून घेतलेला, ‘नुसती आकडेमोड’. दुसरा, मोठी उदाहरणं आली की ही पद्धत कोलमडते. आणि तिसरा, हिरोनाका यांचं नावही न घेता मी सगळं श्रेय एकाच माणसाच्या पदरात टाकलं.

तिसरा आक्षेप मान्य. हेइसुके हिरोनाका यांच्या १९६४च्या प्रसिद्ध शोधनिबंधात घात-मालिकांसाठी, म्हणजे न संपणाऱ्या बहुपदींसाठी, हीच कल्पना आहे (दिलेल्या समीकरणांत दडलेली समीकरणंही जोडून असा संच करायचा की भागाकाराची बाकी एकच येईल), आणि तो उल्लेख माझ्याकडून राहिला. ही चूकच. पण हिरोनाकांना असा संच अस्तित्वात असतो एवढंच हवं होतं, तो हाताशी आणून देणारी कृती तिथे नाही. माझा लेख त्या कृतीबद्दल होता.

पहिला आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही. का, ते दोन समीकरणं घेऊन दाखवतो: क्ष·क्ष = य आणि क्ष·य = १. नियम असा की डावीकडचं पद दिसलं की त्याच्या जागी उजवीकडचं ठेवायचं. हाच इथला भागाकार, आणि शेवटी उरतं ती बाकी. आता क्ष·क्ष·य हे पद घ्या. पहिलं समीकरण वापरलं तर य·य उरतं, दुसरं वापरलं तर क्ष उरतो. एकाच पदाच्या दोन बाक्या! दोन्ही बरोबर असल्यामुळे य·य = क्ष हे तिसरं समीकरण हाती येतं. ते पहिल्या दोघांत दडलेलंच होतं, पण त्यांच्या डाव्या बाजू बघून कळलं नसतं.

इथवर शाळकरी हिशेब आहे, कबूल. खरा प्रश्न यापुढचा: आता आणखी काही दडलेलं आहे का? बहुपदी अनंत आहेत, सगळ्या तपासणार कशा? बुखबर्गर यांचं प्रमेय सांगतं की सगळ्या तपासायच्याच नाहीत. डाव्या बाजूंच्या फक्त जोड्या घ्या आणि जिथे त्या एकमेकींवर येतात तेवढीच पदं बघा. क्ष·य·य दोन्ही वाटांनी य वर येतं. क्ष·क्ष·य·य एका वाटेने य·य·य होतं, दुसऱ्या वाटेने क्ष·क्ष·क्ष, आणि दोन्ही शेवटी १ वर येतात. जुळलं. झालं, थांबा. आता कुठलीही बहुपदी कुठल्याही वाटेने भागा, बाकी एकच येणार. शिवाय ही कृती कधी ना कधी थांबतेच, हेही त्यांनी सिद्ध केलं. मोजक्या तपासण्यांतून अनंत गोष्टींची हमी मिळणं, याला मी आकडेमोड म्हणू शकत नाही.

या तीन समीकरणांनी ज्यांना हात लावता येत नाही अशी पदं तीनच उरतात: १, क्ष आणि य. मूळ समीकरणांची उत्तरंही तीनच, कारण त्यांतून क्ष·क्ष·क्ष = १ निघतं आणि १ला संमिश्र संख्यांत तीन घनमुळं असतात. तिसरं समीकरण सापडण्याआधी मोजलं असतं तर य, य·य, य·य·य अशी न संपणारी रांग दिसली असती. वोल्फगांग ग्रोब्नर यांनी इन्सब्रुकमध्ये आपल्या विद्यार्थ्यापुढे, म्हणजे बुखबर्गर यांच्यापुढे, ठेवलेला प्रश्न हाच होता: उत्तरं मर्यादित असतील तर ही उरणारी पदं शोधायची कशी? नवी समीकरणं काढत जाता येतं हे माहीत होतं, कुठे थांबायचं ते नव्हतं. १९६५च्या प्रबंधात बुखबर्गर यांनी ते दिलं, आणि त्या काळच्या झूझ झेड-२३ या संगणकावर कृती चालवूनही पाहिली. निबंध १९७० मध्ये छापून आला, पण बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९७६ मध्ये त्यांनी अशा पुऱ्या झालेल्या संचांना गुरूंचं, म्हणजे ग्रोब्नर यांचं, नाव दिलं.

‘शाळकरी’ हा शब्द तुम्ही हिणवण्यासाठी वापरलात. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६च्या त्यांच्या लेखात शाळेतल्या बीजगणिताची बाजू अभिमानाने मांडली होती, आणि बैजिक भूमितीत, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या आकृत्यांच्या भूमितीत, त्यांच्या शब्दाला वजन होतं.

आता कोलमडण्याबद्दल. एर्न्स्ट मायर आणि अल्बर्ट मेयर यांचा १९८२चा निकाल तुम्ही बरोबर सांगितलात: चलांची संख्या वाढली की घात घातांकाच्याही घातांकाने फुगू शकतात. पण त्या निकालाचा रोख नीट बघा. तो एका कृतीबद्दल नाही, मूळ प्रश्नाबद्दल आहे. एखादी बहुपदी दिलेल्या बहुपदींपासून तयार होते की नाही, हे ठरवणंच सर्वांत वाईट उदाहरणांत इतकं अवघड आहे, पद्धत कुठलीही आणा. डोंगर उंच आहे याचा दोष वाटेला देता येत नाही.

आणि ती उदाहरणं मुद्दाम बांधलेली आहेत. १९८७ मध्ये डेव्हिड बेयर आणि मायकल स्टिलमन यांनी दाखवलं की पदांचा योग्य क्रम (कुठलं पद मोठं मानायचं ते) आणि सर्वसाधारण, म्हणजे मुद्दाम न निवडलेले, निर्देशक घेतले, तर संचातला सर्वांत मोठा घात हा बैजिक भूमितीत आधीपासून अभ्यासल्या जाणाऱ्या एका संख्येएवढाच असतो. म्हणजे हिशेब किती लांबेल हे त्या आकृतीच्या भूमितीतच लिहिलेलं असतं. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच, आणि मूळ लेखात मी ते घाईत उरकलं याचं वाईट वाटतं.

प्रत्यक्षात बहुतेक वेळ अशा जोड्यांवर जातो ज्यांतून शेवटी शून्यच निघतं. त्या आधीच ओळखून टाकून द्यायचा एक निकष बुखबर्गर यांनीच १९७९ मध्ये दिला. झाँ-शार्ल फोजेर यांनी तो धागा पुढे नेला आणि २००३ मध्ये अँत्वान झू यांच्यासोबत ८० अज्ञातं आणि ८० वर्गसमीकरणं असलेलं, संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्रातलं एक कोडं सोडवलं. आव्हान म्हणून जाहीरपणे मांडलेलं कोडं होतं ते.

हिरोनाकांवरचा परिच्छेद मूळ लेखात जोडतो आहे. त्यात तेओ मोरा यांचंही नाव येईल, कारण एका बिंदूच्या अगदी जवळच्या भूमितीसाठी, म्हणजे हिरोनाकांच्या अंगणातल्या प्रश्नांसाठी, बुखबर्गर यांची कृती बदलून घेण्याचं काम १९८२ मध्ये त्यांनी केलं. तिथे नेहमीचा भागाकार संपतच नाही, तो कसा संपवायचा हे त्यांना आधी शोधावं लागलं.